कंत्राटदार बदलतो, पेन्शन तुटते : कफ परेडच्या कामगारांसाठी पीएफ, पेन्शन आणि नव्या कामगार कायद्यांची माहिती

मच्छीमार नगराचे नाव बाहेरच्या माणसाला बहुधा २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे माहीत असते. इथल्या माणसांना मात्र ते रोजच्या कामामुळे माहीत आहे. वस्तीचा एक भाग आजही होडीवर आणि मासळीच्या पाटीवर जगतो. मच्छीमार नगर, शेजारचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर नगर, गणेशमूर्ती नगर, गीता नगर या वस्त्यांतील बाकीची तरुण आणि मध्यमवयीन माणसे कफ परेड-नरिमन पॉइंटच्या इमारतींत कामाला जातात. कोणी हाऊसकीपिंगला, कोणी गेटवर सुरक्षा रक्षक, कोणी पॅन्ट्रीत, कोणी लिफ्टमन, कोणी ड्रायव्हर. बायका मोठ्या प्रमाणात घरकामाला. इमारतीवर मोठ्या बँकेचे किंवा कंपनीचे नाव असते; या माणसाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर मात्र कुठल्यातरी एजन्सीचे.

हा लेख मुख्यतः या एजन्सीच्या ओळखपत्रवाल्यांसाठी आणि त्यांची कागदपत्रे बघून देणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांसाठी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर मजकूर फिरतो आहे आणि त्यातला बराच अर्धवट आहे.

आधी एक जुना गैरसमज. 'पीएफचा कायदा बाबासाहेबांनी आणला' असे पोस्टर दरवर्षी एप्रिलमध्ये आणि १ मे रोजी फिरते. तपशील असा आहे. बाबासाहेब जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच खात्याच्या काळात १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सोपवला गेला, १९४४ मध्ये अहवाल आला आणि त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, उभा राहिला. भविष्य निर्वाह निधीचा वटहुकूम मात्र नोव्हेंबर १९५१ चा आणि कायदा १९५२ चा. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्येच मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता आणि मजूर खाते तेव्हा जगजीवनराम यांच्याकडे होते. ईएसआयचा पाया हे काही लहान काम नाही. खरे आहे तेवढे सांगितले तरी पुरेसे आहे. चुकीचे पोस्टर विरोधकाच्या हातात आयते कोलीत देते.

पगारातून काय कापले जाते आणि कुठे जाते

२० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पीएफ बंधनकारक आहे. कामगाराच्या वेतनातून १२ टक्के कापले जातात आणि मालकाने तेवढेच, १२ टक्के, स्वतःच्या खिशातून भरायचे असतात. कामगाराचे पूर्ण १२ टक्के त्याच्या पीएफ खात्यात जातात. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत (ईपीएस-९५) जातात आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफ खात्यात. पेन्शनचा हिस्सा जास्तीत जास्त १५,००० रुपये वेतनावर मोजतात, म्हणजे महिना १,२५० रुपये. पासबुकात मालकाचा आकडा आपल्यापेक्षा कमी दिसतो म्हणून 'मालकाने कमी भरले' अशी तक्रार घेऊन अनेक जण येतात. आधी पेन्शनचा रकाना बघा, बहुतेक वेळा फरक तिथे असतो.

मालकाचा १२ टक्के हिस्सा कामगाराच्या पगारातून कापणे बेकायदेशीर आहे. तरीही अनेक एजन्सींच्या पगारपत्रकात 'सीटीसी'च्या नावाखाली दोन्ही हिस्से कामगाराच्याच रकमेतून वजा केलेले दिसतात. भरतीच्या वेळी १८,००० सांगितले आणि हातात १४,००० आले तर पत्रकात पहिल्यांदा हे तपासावे.

१५,००० ची ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून तशीच आहे. त्याआधी ती ६,५०० होती. मर्यादा जुनी राहिल्याचा तोटा दोन्हीकडून होतो. एक, पेन्शन त्यावरच मोजली जाते. दोन, जो माणूस आयुष्यात पहिल्यांदा नोकरीला लागतो आणि ज्याचे पीएफसाठीचे वेतन सुरुवातीपासूनच १५,००० च्या वर दाखवले जाते, त्याला योजनेत घेणे मालकावर बंधनकारक राहत नाही. आधीपासून सदस्य असलेला कामगार मात्र वेतन वाढले म्हणून बाहेर पडत नाही. नव्या कामावर 'तुमचा पगार पंधराच्या वर आहे, पीएफ लागू नाही' असे सांगितले आणि तुमचा जुना यूएएन असेल, तर ते उत्तर मान्य करू नका.

मूळ मालकाची जबाबदारी

'आमचा काही संबंध नाही, एजन्सीला विचारा' हे वाक्य कफ परेडच्या प्रत्येक इमारतीच्या अ‍ॅडमिन खात्यात ऐकू येते. १९५२ च्या कायद्यातील 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येतच कंत्राटदारामार्फत लावलेला माणूस येतो. कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर ज्याच्या आस्थापनेत काम चालते त्या मूळ मालकाने तो भरायचा आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचा, असा नियम आहे. म्हणून तक्रार करताना अर्जावर दोन्ही नावे घालावीत. एजन्सीचा पत्ता अनेकदा सापडत नाही. इमारत मात्र जागेवरच असते.

मुंबईतलेच उदाहरण पवनहंस हेलिकॉप्टर कंपनीचे आहे. तिथल्या कंत्राटी कामगारांना कायम कामगारांप्रमाणे पीएफ मिळावा यासाठी संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कामगारांच्या बाजूने निकाल दिला.

कामगाराच्या पगारातून पैसे कापून ते न भरणे हा केवळ हिशेबाचा घोळ नाही, तो फौजदारी विश्वासघात आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ च्या स्पष्टीकरणात हे होते, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की थकबाकीवर दंड लावताना मालकाचा हेतू वाईट होता हे सिद्ध करावे लागत नाही. पैसे वेळेवर भरले नाहीत एवढे पुरते.

बेसिक छोटे, भत्ते मोठे

एजन्सीची सर्वात जुनी युक्ती म्हणजे वेतनाचे तुकडे. एकूण १८,००० देताना बेसिक ६,००० दाखवायचे आणि बाकीचे १२,००० कन्व्हेयन्स, वॉशिंग, स्पेशल अलाऊन्स अशा नावांनी. पीएफ मग ६,००० वर, म्हणजे ७२० रुपये. २८ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितले की जो भत्ता सर्वांना सरसकट मिळतो तो मूळ वेतनाचाच भाग आहे. हा निकाल चांगला आहे, पण तो वापरायला चौकशी लावावी लागते.

नव्या संहितेने व्याख्येतच बदल केला आहे. वेतनातून वगळता येणाऱ्या रकमा एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त असतील, तर जास्तीचा भाग वेतनात धरायचा. वरच्या उदाहरणात १८,००० चे निम्मे ९,०००. भत्ते १२,०००, म्हणजे ३,००० जास्त. ते बेसिकमध्ये मिळवले की पीएफसाठीचे वेतन ९,००० होते आणि कपात १,०८० रुपये. हातात ३६० रुपये कमी येतील हे खरे. मालकाचेही ३६० वाढतील, हेही तेवढेच खरे. 'नव्या कायद्याने पगार कापला' अशी ओरड चालू आहे तिचा अर्थ एवढाच. ज्यांची कपात आधीच १५,००० वर होते त्यांच्या हातच्या पगारात या कारणाने फरक पडण्याचे कारण नाही. तसे केंद्रीय कामगार मंत्रालयानेही सांगितले आहे.

माझे मत विचाराल तर कागदी बेसिकवर जगणाऱ्या कंत्राटी कामगारासाठी संहितेतील ही तरतूद फायद्याची आहे. संहितांबद्दल कामगार संघटनांचे इतर आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांची चर्चा व्हायला हवी, पण म्हणून या एका व्याख्येचा फायदा सोडून देण्यात शहाणपण नाही.

एक तरतूद मात्र आपल्या लोकांना अडचणीत आणणारी आहे. जुन्या कायद्यात थकीत पीएफच्या चौकशीला (जिला सगळे 'सेव्हन-ए' म्हणतात) कालमर्यादा नव्हती. सामाजिक सुरक्षा संहितेत चौकशी सुरू करण्यासाठी पाच वर्षांची मर्यादा आली आहे. नोकरी सुटल्यावर, गावी जाऊन आल्यावर, मुलीच्या लग्नाच्या वेळी पीएफची आठवण होते असा आपला अनुभव आहे. तोवर पाच वर्षे उलटून जातात.

दहा वर्षांचा प्रश्न

ईपीएस-९५ मध्ये मासिक पेन्शन मिळण्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते (साडेनऊ वर्षे भरली तरी दहा धरतात). ५८ व्या वर्षी पूर्ण पेन्शन. ५० नंतर आधीही घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कपात. सूत्र सोपे आहे : शेवटच्या ६० महिन्यांचे सरासरी पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. वेतन १५,००० आणि सेवा दहा वर्षे असेल तर साधारण २,१४३ रुपये. वीस वर्षे भरली तर दोन वर्षे जादा धरतात आणि आकडा ४,७१४ होतो.

या रकमेत मुंबईत कोणाचे भागणार, हा प्रश्न रास्त आहे. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबली आहे. बुलढाण्यातून उभी राहिलेली ईपीएस-९५ पेन्शनरांची राष्ट्रीय संघर्ष समिती ७,५०० रुपये आणि महागाई भत्त्याची मागणी घेऊन वर्षानुवर्षे आंदोलन करते आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांतून निवृत्त झालेले आपले आजोबा-काका त्याच रांगेत आहेत. ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 'वाढीव पेन्शन'चा जो मार्ग खुला केला तो प्रत्यक्ष पूर्ण पगारावर पीएफ भरणाऱ्यांसाठी होता. एजन्सीच्या कामगाराला त्याचा उपयोग नाही.

आपल्या वस्त्यांतील अडचण त्याही आधीची आहे : माणूस दहा वर्षांपर्यंत पोहोचतच नाही. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, तोच झाडू घेऊन बारा वर्षे काम झालेले असते. पण दर दोन वर्षांनी निविदा निघते, एजन्सी बदलते. जुनी एजन्सी जाताना 'फॉर्म भरा, पीएफ काढून घ्या' म्हणते, माणूस पैसे काढतो. पीएफसोबत तो दुसरा फॉर्म भरतो तो दहा-सी. त्याने पेन्शनच्या खात्यातली रक्कमही हातात येते आणि तेवढी सेवा पुसली जाते. नव्या एजन्सीत पुन्हा शून्यापासून. बारा वर्षे काम करून पेन्शनसाठीची सेवा दीड वर्ष, असे पासबुक बघताना वाईट वाटते, कारण कायद्याने त्याला काही नाकारलेले नसते. हातात आलेल्या त्या चार-पाच हजारांनी सगळे घालवलेले असते.

म्हणून कार्यकर्त्यांनी एक गोष्ट वस्तीत पुन्हा पुन्हा सांगावी. एजन्सी बदलली तर जुनाच यूएएन नव्या एजन्सीला द्या आणि खाते ट्रान्सफर करा. पैशाची फारच नड असेल तर पीएफमधून अ‍ॅडव्हान्स घ्या, पण दहा-सीवर पेन्शन काढू नका. काम काही काळ थांबणार असेल तर त्याच फॉर्मवर पैशांऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट' मागता येते. त्यात सेवा शाबूत राहते.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने काढण्याचे नियम बदलण्याचा निर्णय घेतला. अंशतः रक्कम काढण्याची तेरा वेगवेगळी कारणे तीन गटांत आणली, खात्यात २५ टक्के शिल्लक ठेवणे आवश्यक केले, बेकारीत पूर्ण रक्कम काढण्यासाठीची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर आणि पेन्शनची रक्कम काढण्याची दोन महिन्यांवरून छत्तीस महिन्यांवर नेली. 'आमचेच पैसे आम्हाला देत नाहीत' हा राग समजण्यासारखा आहे. भाडे थकलेल्या माणसाला पुढच्या वीस वर्षांचे गणित सांगून उपयोग नसतो. तरी छत्तीस महिन्यांच्या नियमाने कंत्राटी कामगाराची सेवा तुटण्याला काही आळा बसेल असे मला वाटते. तीन वर्षांत नवी एजन्सी सापडतेच.

यावर महाराष्ट्राकडे स्वतःचे एक जुने उत्तर आहे, त्याची चर्चा आपल्याकडे कमी होते. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षक कायदा आला आणि सुरक्षा रक्षक मंडळ स्थापन झाले. मंडळात नोंदलेल्या रक्षकाचा पगार आणि त्यावरची लेव्ही मूळ मालक मंडळाकडे भरतो. पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा मंडळ सांभाळते. रक्षक एका इमारतीतून दुसरीकडे गेला तरी खाते तुटत नाही. कलम २३ खाली एजन्सींना सूट देण्याची सोय ठेवली गेली आणि खासगी एजन्सींचे बहुतेक रक्षक त्या वाटेने मंडळाबाहेर राहिले. सफाई आणि हाऊसकीपिंगसाठी असे मंडळ का नको, ही मागणी तरुणांनी अभ्यासून मांडण्यासारखी आहे.

दुसरा मार्ग कायम होण्याचा. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीतील सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये दिला आणि कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यानंतर एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. कंत्राट हे केवळ कागदावरचे नाटक आहे हे त्यांनी हजेरी आणि कामाच्या पुराव्यांनी दाखवले. हजेरीचे फोटो जपून ठेवण्याचे महत्त्व इथे कळते.

ग्रॅच्युइटी : 'एका वर्षात सगळ्यांना' हे खरे नाही

दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाच वर्षे सलग सेवेनंतर दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, असे ग्रॅच्युइटीचे सूत्र आहे. शेवटचे वेतन १२,००० आणि सेवा सहा वर्षे असेल तर १२,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६, म्हणजे ४१,५३८ रुपये. नव्या संहितेत एका वर्षानंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटीची तरतूद 'निश्चित मुदतीच्या' कामगारांसाठी आहे, म्हणजे ज्यांचा मालकाशी थेट, लेखी, ठरावीक मुदतीचा करार आहे त्यांच्यासाठी. एजन्सीमार्फत लागलेला प्रत्येक जण आपोआप त्यात येत नाही. नेमणूकपत्र बघितल्याशिवाय कोणाला आशा लावू नका. संहितांनुसार नेमणूकपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे, ते आधी मागा.

ईएसआयबद्दल थोडक्यात. वेतन २१,००० पर्यंत असलेल्यांना लागू, कामगाराचा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. आजारपणातील रजेचा पगार, बाळंतपणाचा लाभ, कामावरील अपघातात अपंगत्व आले तर मासिक रक्कम आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला पेन्शन, हे सगळे त्यात येते. लोक ईएसआय म्हणजे फक्त परळ आणि वरळीची रुग्णालये समजतात आणि बाकीचे हक्क मागतच नाहीत.

नोंदणीची एक मुदत

१ नोव्हेंबर २०२५ पासून ३० एप्रिल २०२६ पर्यंत 'कर्मचारी नोंदणी मोहीम' जाहीर झाली. १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात ज्या कामगारांना पीएफमध्ये घेतले नाही त्यांची नोंद या मुदतीत मालकाने स्वतःहून करण्याची सोय तिच्यात ठेवली गेली. कामगाराचा हिस्सा तेव्हा कापला नसेल तर तो माफ. मालकाने फक्त आपला हिस्सा, व्याज आणि १०० रुपये नाममात्र दंड भरायचा. मालकाला ही सवलत आहेच, आणि एखाद्याने ती का द्यावी असेही म्हणता येईल. पण आपल्या माणसाची आठ वर्षांपर्यंतची सेवा जोडली जाते, आणि दहा वर्षांच्या अटीसमोर आठ वर्षे म्हणजे काय ते वर आलेच आहे. अशा मुदतीत कामगारांनी गटाने, लेखी अर्ज करून, पोच घेऊन एजन्सी आणि मूळ मालक दोघांकडे ही मागणी करावी.

यूएएन क्रियाशील आहे का ते बघण्यासाठी नोंदणीकृत मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्यावा. शिल्लक मेसेजने येते. उमंग अ‍ॅपवर पासबुक दिसते. दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास ईपीएफओचे 'निधी आपके निकट' शिबिर जिल्ह्याजिल्ह्यांत होते, तिथे कागदपत्रांसह जाता येते. एकाच माणसाचे दोन-तीन यूएएन निघाले तर घाबरू नका, ते एकत्र करता येतात. जास्त त्रास नावाचा होतो. आपल्याकडे अनेकांनी आडनाव बदललेले असते, बायकांचे लग्नानंतर बदलते, आणि एजन्सीच्या कारकुनाने तिसरेच लिहिलेले असते. जानेवारी २०२५ पासून आधारशी पडताळलेल्या यूएएनमध्ये अशा बहुतेक दुरुस्त्या सदस्याला स्वतः ऑनलाइन करता येतात.

ज्यांना यातले काहीच नाही

घरकाम करणारी ताई आणि होडीवरचा खलाशी या दोघांनाही पीएफ नाही. घर ही आस्थापना नाही आणि होडीवर वीस माणसे नसतात. घरकामगारांसाठी राज्याचा २००८ चा कल्याण मंडळ कायदा आहे. नोंदणी केली आणि दरवर्षी नूतनीकरण केले तरच योजना मिळतात, आणि ते राहून जाते. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास सांगितले. मासेमारी करणाऱ्यांसाठी मत्स्यसंपदा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाखांचे विमा संरक्षण आहे, पण म्हातारपणाची सोय त्यात नाही. १८ ते ४० वयाच्या असंघटित कामगाराला श्रमयोगी मानधन योजनेत महिना ५५ ते २०० रुपये भरून साठीनंतर ३,००० रुपये पेन्शन घेता येते. चाळिशी ओलांडलेल्या ताईसाठी तो दरवाजा बंद आहे. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना संहितेने पहिल्यांदा कायद्यात नाव दिले आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षा निधीत द्यायचे असे ठरवले. तो पीएफ नाही. ई-श्रमवर नोंद नसेल तर त्यातले काही हाती लागणार नाही.

शेवटी वारसाची नोंद. सेवेत असताना सदस्याचा मृत्यू झाला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला पेन्शन मिळते आणि दोन मुलांना पंचविशीपर्यंत. शिवाय ईडीएलआय विम्याचे जास्तीत जास्त ७ लाख रुपये. त्याला दहा वर्षांची अट नाही. लग्नाआधी आई किंवा भावाच्या नावे केलेले पीएफचे नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द ठरते, म्हणून लग्न झालेल्या प्रत्येकाने उमंग किंवा सदस्य पोर्टलवर ते नव्याने भरावे. आधारची पडताळणी आणि फोटो लागतो, पैसे लागत नाहीत.